मदत हवी आहे: होडीसाठी बीकन कोणता घ्यावा?

मंडळी, राम राम. आम्ही पैठणचे, होडी आजवर नाथसागरातच फिरली. तिथं काही झालं तर काठावरून कुणीतरी हाक ऐकतंच! आता दिवाळीनंतर ती मालवणला न्यायची आहे, म्हणून संकटाचा संदेश देणारा बीकन घ्यायचाय. ४०६ मेगाहर्ट्‌झचाच घ्यायचा, एवढं पक्कं, नुसत्या १२१.५ वाल्याचा संदेश उपग्रह २००९ पासून ऐकतच नाहीत. होडीवर ठेवायचा बीकन, म्हणजे ईपर्ब, सुरू केल्यावर किमान ४८ तास चालतो, अंगावर बाळगायचा छोटा, म्हणजे पीएलबी, किमान २४. आमचे दाजी दुबईहून आणतो म्हणतात, पण त्यात दुसऱ्याच देशाचा कोड असला तर? आपला ४१९. तो इथं बदलून बंगळुरूच्या इस्रो केंद्रात नोंदवता येतो का? कुणी केलंय का असं? आणि मच्छीमार बांधवांचा डॅट (इस्रोचं संकटाचा संदेश देणारं यंत्र) हौशी होडीला मिळतो का?