वायादोलिद (युकातान, मेक्सिको): गाडी नाही, घाई नाही, एक दिवस कसा घालवावा?

उनाड_पाऊल: कानकूनहून बसने वायादोलिदला येतोय, दोन रात्री मुक्काम. चिचेन इत्सा (माया लोकांच्या प्राचीन नगरीचे अवशेष) आदल्या दिवशी उरकेल. मधला अख्खा दिवस रिकामा ठेवलाय. सोबत आई-बाबा, दोघेही सत्तरीच्या आसपास. बाबा शाकाहारी, अंडंही नाही. मे महिना आहे. गावातल्या गावात काय करता येईल?

चुनखडी: मे म्हणजे तिथला कडक उन्हाळा, त्यामुळे दिवसाचे दोन तुकडे करा: सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधे खोली, पंखा, झोपाळा. जाळीच्या झोपाळ्यात सरळ लांबीत झोपलं की पाठीची कमान होते. तिरपं झोपा, पाठ सपाट राहते.

सकाळी सेनोते साकी. सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून तयार झालेला भूजलाचा नैसर्गिक डोह. मुख्य चौकापासून दोन-तीन चौक पूर्वेला, ३६ नंबरच्या रस्त्यावर. उघडता उघडता पोचा. पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, म्हणून आई-बाबांना रबरी तळाच्या चपला. उतरायचं नसेल तर वरूनही छान दिसतं. सनस्क्रीन आणि डासांचं मलम आधी धुऊन टाकावं लागतं. युकातानच्या या भागात जमिनीवर नद्या नाहीत, सगळं पाणी चुनखडीखालून वाहतं, आणि पाण्यात गेलेलं मलम तिथेच जातं. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा.

पत्ते वाचायला सोपे: सम आकड्यांचे रस्ते उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम.

सिन_मान्तेका: बाबांच्या जेवणाचं आधीच ठरवा. खरी अडचण मांसाची नाही, ते दिसतं तरी. अडचण आहे डुकराच्या चरबीची, म्हणजे मान्तेकाची. काळे घेवडे बहुतेकदा तिच्यातच परततात, आणि पानुचोच्या, म्हणजे तळलेल्या भरल्या मक्याच्या पोळीच्या, पोटात तेच घेवडे असतात. 'सिन मान्तेका, सिन कार्ने' (चरबी नको, मांस नको) एवढं पाठ करा. पापाद्सुलेस (भोपळ्याच्या बियांच्या रश्शातल्या गुंडाळ्या) शाकाहारी म्हणून सुचवतील, पण आत उकडलेलं अंडं असतं. बाबांसाठी सिकिल पाक मागा: भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची टोमॅटो घालून केलेली चटणी, आपल्या जवसाच्या चटणीची ओली बहीण म्हणा. सोबत टोर्टिया (मक्याच्या पातळ पोळ्या), ग्वाकामोले (अॅव्होकाडोची चटणी), चाया नावाच्या स्थानिक पालेभाजीचं लिंबू घातलेलं सरबत. आबानेरो मिरचीचा सालसा बहुधा वेगळा येतो. आधी काट्याच्या टोकाला लावून बघा, कोल्हापूरकरांनीही.

रात्री चौकातल्या गाड्यांवर मार्केसिता मिळते, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं एडाम चीज. पिठात सहसा अंडं असतं, तेव्हा ती तुम्ही आणि आईंनी खा.

नळाचं पाणी नको. सरबतातला बर्फ मधे भोक असलेल्या नळकांड्यांसारखा असेल तर तो कारखान्यातला, शुद्ध पाण्याचा.

उनाड_पाऊल: मार्केसिता ऐकून आई खूश. दुपारी मेरिदाला जाऊन येणं जमेल का?

चुनखडी: जमेल, पण मग 'घाई नाही' हे शब्द मथळ्यातून काढा. जाऊन-येऊन चार तासांहून जास्त बसमध्येच जातील.

त्यापेक्षा पाच वाजता काल्सादा दे लोस फ्रायलेसने सान बेर्नार्दिनोच्या मठाकडे चालत जा. रंगीत जुन्या घरांचा सरळ रस्ता, रमतगमत पंधरा-वीस मिनिटं, मात्र फरसबंदी खडबडीत आहे; आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर जाताना टॅक्सी. १५५२ ते १५६० मधलं बांधकाम, भिंती किल्ल्यासारख्या जाड. बागेतल्या घुमटीखाली विहीर दिसेल, ती थेट सेनोतेवर उघडते. आत जायचं असेल तर बंद व्हायची वेळ सकाळीच हॉटेलात विचारा. बाहेरचं हिरवळीचं मैदान मात्र उशिरापर्यंत गजबजलेलं असतं.

चौकात अंधार पडल्यावरच बसा. त्याआधी चिचेनहून परतणाऱ्या सहलींच्या बसेस तिथे अर्धा तास थांबतात आणि बाकं भरून जातात. पांढरी, समोरासमोर वळवलेली जोडखुर्ची आई-बाबांसाठी पकडा.

घड्याळी: एकच भर. कानकून किंताना रो राज्यात, वायादोलिद युकातानमध्ये. युकातानचं घड्याळ एक तास मागे. येताना तास मिळतो, परतताना जातो. परतीचं विमान असेल तर दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासाला घड्याळात तीन-सव्वातीन धरा. आणि एडीओ या बस कंपनीचा थांबा चौकाजवळच आहे. माया रेल्वेचं स्टेशन गावाबाहेर, तिथून टॅक्सी लागते.