मॉडबस मीटरसाठी कन्व्हर्टर ट्रान्सपरंट मोडमध्ये ठेवणं चूक आहे

पॅनेलवाला: आरएस-४८५ (सिरियल वायर) वर मॉडबस भाषेत बोलणारे एनर्जी मीटर स्काडाला, म्हणजे देखरेखीच्या सॉफ्टवेअरला, जोडताना बहुतेक जण मधला सिरियल-ते-इथरनेट कन्व्हर्टर ट्रान्सपरंट मोडमध्येच सोडून देतात. म्हणजे सिरियलवर आलेले बाइट जसेच्या तसे टीसीपीत, म्हणजे नेटवर्कच्या कनेक्शनवर. गेटवे मोडमध्ये तो आरटीयू फ्रेमचे (मॉडबसचा सिरियलवरचा संदेश) सीआरसीचे, म्हणजे चूक तपासणीचे, २ बाइट काढतो, सुरुवातीला मीटरचा पत्ता धरून ७ बाइटांचं हेडर लावतो आणि पोर्ट ५०२ वर मॉडबस टीसीपी (मॉडबसचं नेटवर्कवरचं रूप) देतो. दोन स्काडांनी एकदम विचारलं, तर गेटवे रांग लावतो. ट्रान्सपरंटमध्ये दोन्ही प्रश्न एकाच वायरवर आदळतात. शिवाय मीटर बंद असेल तर गेटवेकडून एक्सेप्शन कोड ०बी (समोरचं उपकरण उत्तर देत नाही) येतो, म्हणजे नेटवर्क ठीक आहे, बिघाड मीटरच्या बाजूला आहे, हे लगेच कळतं.

काटा_९६००: सरसकट नाही पटत. वजनकाटा मॉडबस बोलतच नाही; तो साधा मजकूर पाठवतो आणि शेवटी सीआर-एलएफ, म्हणजे ओळ संपल्याची दोन चिन्हं. तिथे ट्रान्सपरंटच हवा, डिलिमिटर (संदेश संपल्याची खूण) ०डी ०ए, म्हणजे तीच दोन चिन्हं. मीटरलाही तो चालतो, फक्त स्काडात ‘आरटीयू ओव्हर टीसीपी’ (आरटीयू फ्रेम तशीच टीसीपीवरून) ड्रायव्हर निवडा. लोक पॅकिंग टाइम (बाइट येणं थांबल्यावर कन्व्हर्टर किती वाट बघून पॅकेट पाठवतो) बघत नाहीत, तिथे घोळ होतो. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८-एन-१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) ला एका बाइटला साधारण १.०४ मिलिसेकंद लागतात. १० रजिस्टरांचं (मीटरमधल्या २-२ बाइटांच्या नोंदी) उत्तर २५ बाइटांचं, म्हणजे २६ मिलिसेकंद. पॅकिंग टाइम १ मिलिसेकंद ठेवला की उत्तराचे तुकडे होतात आणि स्काडा सीआरसी एरर दाखवतो. १० ठेवा, थांबेल.

पॅनेलवाला: काट्याचं मान्य, मी मीटरपुरतंच म्हणतोय. पण तुकड्यांचा त्रास गेटवेत मुळातच नाही. तो आधी पूर्ण फ्रेम गोळा करतो, मग पाठवतो.

सिमकार्ड: दोघंही एक गोष्ट सोडताय. नवे लोक अडकतात ते ‘सर्व्हर’ या शब्दावर. टीसीपी सर्व्हर म्हणजे जो कनेक्शनची वाट बघतो; मॉडबसमध्ये सर्व्हर म्हणजे उत्तर देणारा, म्हणजे मीटर. जुन्या भाषेत स्लेव्ह. मॉडबस ऑर्गनायझेशनने २०२० मध्ये क्लायंट-सर्व्हर हे शब्द घेतले. पंपहाउसवर फोर-जी सिम असेल तर बाहेरून पोचता येईल असा आयपी बहुधा मिळत नाही. तिथे कन्व्हर्टर टीसीपी क्लायंट करून ऑफिसच्या फिक्स आयपीवर कनेक्ट करायला लावावा लागतो. पण मॉडबसमध्ये विचारणारा स्काडाच राहतो. ज्या कन्व्हर्टरच्या गेटवेला असं उलटं कनेक्शन जमत नाही, तिथे ट्रान्सपरंट हाच मार्ग.

पॅनेलवाला: सिमच्या जागी हे बरोबर आहे, तिथे माझा आग्रह नाही. एकाच लॅनमध्ये मात्र गेटवेच. टाइमआउट (उत्तराची किती वाट बघायची) तेवढा नीट लावा: मीटरला १ सेकंद आणि ३ रिट्राय (पुन्हा प्रयत्न) दिले, तर एक बंद मीटर ४ सेकंद बस, म्हणजे सगळ्या मीटरांची सामाईक वायर, अडवतो. स्काडाचा टाइमआउट त्याहून कमी असेल तर तो आधीच्या प्रश्नाचं उत्तर येण्यापूर्वीच पुढचा विचारतो. रिट्राय १ पुरे.

काटा_९६००: आणि व्हर्च्युअल कॉम पोर्ट (पीसीवरचा सिरियल पोर्टसारखा वागणारा सॉफ्टवेअर पोर्ट) वापरणाऱ्यांसाठी: सॉफ्टवेअरमध्ये बॉड रेट बदलला तरी तो कन्व्हर्टरपर्यंत पोचेलच असं नाही. आरएफसी २२१७ (सिरियल सेटिंग नेटवर्कवरून पाठवण्याची पद्धत) किंवा कंपनीचा ड्रायव्हर नसेल, साधं टीसीपी असेल, तर बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट कन्व्हर्टरच्या वेबपेजवरच लावा. तरी काहीच आलं नाही, तर मोड बदलत बसण्याआधी आरएस-४८५ च्या ए-बी तारा उलटून बघा. ही नावं सगळे उत्पादक एकसारखी वापरत नाहीत.