प्रतिसाद: जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर

वर विचारलंय की आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नं. 87/2 आहे आणि सातबाऱ्यावर गट नं. 212, मग जमीन तीच का? बहुधा तीच, पण नुसत्या अंदाजावर व्यवहार करू नका. 1947च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे आणि हिश्श्यांचे तुकडे जोडून गावाला नव्याने गट नंबर पडले. जुन्या-नव्याचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या 9(3), 9(4) उताऱ्यांत सापडतो. तेवढी नक्कल आधी काढा. कोकणातल्या अनेक गावांत ही योजना झालीच नाही, तिथे आजही सर्व्हे-हिस्साच चालतो. गावठाणात शहर मोजणी झाली असेल तर सिटी सर्व्हे नंबर वेगळाच.

एकाने जुन्या कागदावरचं क्षेत्र ‘विचित्र’ वाटतं म्हटलंय, तर त्यामागचं माप असं. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एकर. जुनं गुणाकार बुक, म्हणजे मोजणीतली क्षेत्राची आकडेमोड लिहिलेली वही, उघडलंत तर शेताचे त्रिकोण पाडून पाया आणि लंब याच साखळी-आण्यांत मांडलेले दिसतील. मला तर तो कागद सातबाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण सातबारा हद्द दाखवतच नाही!

आणि हो, गटातला पोटहिस्सा तोंडी वाटपाचा असेल तर आधी मोजणीचा अर्ज टाका.