अनुभव धागा : महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च आपण कसा उभा केला?

बारावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ घरात फीची चर्चा सुरू होते. शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, बँकेचे कर्ज असे मार्ग उपलब्ध असतात. पण आपल्यासाठी त्यांतला कोणता, हे बहुतेकांना प्रवेश पक्का झाल्यावर, म्हणजे कागदपत्रे गोळा करण्याची वेळ टळून गेल्यावर कळते. ही माहिती पुढच्या मुलांना वेळेवर मिळावी, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे. योजनेचे नाव, वर्ष आणि आपण कुठे अडलात हे अवश्य लिहावे. निकष दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे वर्षाचा उल्लेख महत्त्वाचा आहे.

एक शेतकरी पालक, बार्शी तालुका

माझ्या मुलीने 2024 साली पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. तोपर्यंत मला फक्त राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना माहीत होती, जिच्यात 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना निम्मे शिक्षण शुल्क मिळते. त्याच वर्षी जुलैमध्ये शासन निर्णय निघाला आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच झालेला असावा लागतो. घराजवळच्या एका महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळत होती आणि मी पैसे भरायला निघालोही होतो, सेतू केंद्रात अर्ज भरून देणाऱ्या मुलाने मला थांबवले, म्हणाला, "काका, कोट्यातून गेलात तर एक रुपया माफ होणार नाही, दुसऱ्या फेरीपर्यंत दम धरा." त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी : माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, राहण्या-जेवणाची नाही. त्यासाठी आम्ही डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अर्ज केला, ज्याला अल्पभूधारक असल्याचा दाखला लागला. तलाठ्याचा अहवाल, सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हे सगळे मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवतो. एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून एप्रिल उजाडला की मी नव्या दाखल्यासाठी अर्ज टाकतो.

लातूरहून पुण्यात शिकायला आलेली विद्यार्थिनी

शासकीय वसतिगृहाच्या यादीत माझे नाव लागले नाही, तेव्हा मी शिक्षण सोडून परत जाण्याच्या बेतात होते. वर्गातील एका ताईने डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेबद्दल सांगितले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना तिचा आधार मिळतो. पुण्यात मला वर्षाला 60,000 रुपये मंजूर झाले : 32,000 भोजनासाठी, 20,000 निवासासाठी आणि 8,000 निर्वाहासाठी. रक्कम हप्त्याने आणि उशिरा आली. तोवरचे पाच महिने खाणावळीच्या मावशींनी मला उधारीवर जेवू घातले. त्यांच्या लाल वहीत माझ्या नावाचे एक अख्खे पान होते. पैसे जमा झाले त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर ते पान आडवे खोडले आणि खाली तारीख घातली.

जातवैधता प्रमाणपत्राविषयीही लिहिते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या किंवा चुलत भावंडांत कोणाचे वैधता प्रमाणपत्र आधी झालेले असेल, तर आपल्या प्रकरणाला त्याचा मोठा आधार होतो. माझ्या चुलतभावाचे प्रमाणपत्र आमच्याच घरात होते आणि ते कोणी विचारले नाही म्हणून कोणी सांगितलेही नाही. दहावीनंतर लगेच हे विचारावे.

निवृत्त शिक्षक, सातारा

माझा काळ वेगळा होता, तरी लिहितो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेल्या 'कमवा आणि शिका' योजनेतून मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात पदवी घेतली. सकाळी बागेत खुरपणी आणि पाणी देणे, मग तास. हाताला घट्टे पडले होते. माझ्या आजोबांच्या पिढीतील मुले पुण्यात वार लावून जेवत. आम्हाला कोणाच्या दारात जावे लागले नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नोकरी करणारी आई, नाशिक

आम्ही शैक्षणिक कर्ज घेतले. एका बँकेच्या शाखेत 3.5 लाखांच्या कर्जासाठी घर तारण मागितले गेले, वास्तविक भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. मी वाद घातला नाही. शैक्षणिक कर्जाचे अर्ज जिथे ऑनलाइन भरता येतात त्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज केला, त्याची छापील प्रत घेऊन पुन्हा शाखेत गेले आणि नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्यावे, अशी विनंती केली. तीन आठवड्यांत कर्ज मंजूर झाले. कुटुंबाचे उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असल्यामुळे केंद्र सरकारच्या व्याज अनुदानासाठीही आम्ही पात्र ठरलो. त्यात अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचे एक वर्ष, एवढ्या मुदतीचे व्याज सरकार भरते. हे अनुदान बँकेमार्फत मागावे लागते, म्हणून उत्पन्नाचा दाखला कर्जाच्या अर्जासोबतच जोडावा.

माजी विद्यार्थी, पुणे

पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीचे नाव इथे यायलाच हवे. अच्युतराव आपटे यांनी 1955 साली सुरू केलेल्या या संस्थेच्या वसतिगृहात मी राहिलो. ग्रामीण भागातील गरजू मुलांसाठी ती आहे. वर लिहिणाऱ्या बार्शीच्या काकांनी मुलीसाठी अशी वसतिगृहेही पाहून ठेवावीत.

धागाकर्ता

वरील सर्वांचे मनापासून आभार. काहींनी शिष्यवृत्ती मंजूर दिसते पण पैसे आले नाहीत, असे विचारले आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत असेच झाले होते. पैसे महाविद्यालयाजवळच्या नव्या खात्यात येतील असे आम्ही धरून चाललो होतो, पण आधार क्रमांक जोडलेला होता शाळेत असताना उघडलेल्या गावच्या खात्याला. थेट लाभाची रक्कम आधारशी संलग्न असलेल्या खात्यातच जाते. दोन हप्ते त्या खात्यात पडून होते. त्याचे पासबुक आजीच्या देव्हाऱ्यामागे सापडले. तेव्हा कोणाकडे तक्रार करण्याआधी कोणते खाते आधारशी जोडलेले आहे, हे बँकेत जाऊन एकदा पाहावे.