प्रति: धंद्याचं क्रेडिट वेगळं कसं उभं करायचं

एक अमेरिकन तरुण बिझनेस कोच सल्ला देतो, 'कंपनीच्या नावावर क्रेडिट (पत) उभं करा, स्वतःचा क्रेडिट स्कोअर मध्ये आणू नका'. तो सल्ला त्याच्या देशात बऱ्याच अंशी चालतो. तिथे धंद्याला स्वतंत्र कर क्रमांक मिळतो, माल देणारे पैसे वेळेवर आल्याची नोंद डन अँड ब्रॅडस्ट्रीट या धंद्यांची पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीकडे करतात आणि त्यावरून धंद्याचा १ ते १०० असा 'पेडेक्स' स्कोअर निघतो. विशीत चार धंदे काढणाऱ्या त्या मुलाच्या धडपडीचं मलाही मनापासून कौतुक आहे.

पण कुपवाड एमआयडीसीत गाळा घेणारी आपली पोरं बहुधा प्रोप्रायटरशिपवर, म्हणजे एकट्याच्या मालकीवर, सुरुवात करतात. मालकाचं पॅन तेच धंद्याचं पॅन, त्यामुळे मोटरसायकलचा थकलेला हप्ता लेथच्या कर्जाच्या वेळी समोर येतोच. माझ्या भाच्याची कर्जाची फाईल मिरजेत बँकेत अडकली ती स्वतःच्या नाही, मित्राच्या कर्जामुळे. तो तिथे जामीन होता, मित्राने हप्ते थांबवले आणि ते याच्या सिबिलवर (क्रेडिट रिपोर्टवर) दिसलं. प्रायव्हेट लिमिटेड केली तरी बँक संचालकांची वैयक्तिक हमी बहुतेक वेळा मागतेच.

आणि क्रेडिट रिपोर्टमधली चूक काढून देतो म्हणून फी घेणाऱ्यांना कृपा करून पैसे देऊ नका. सिबिलसह पतमाहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हालाच मिळते.