केळ्याचा गर मऊ, साल मात्र हिरवी: इथिलीन कमी पडतंय का?

नाशिकरोड_फळगाळा: रायपनिंग चेंबर (फळं पिकवायची बंद खोली) आतून 6×4×3 मीटर. माल जळगावचा, ग्रँड नाईन जातीची केळी. मे महिन्यात गर मऊ होतो, साल हिरवीच राहते. पिकवायचा गॅस, म्हणजे इथिलीन, वाढवू का? पॉलिथिन कारखान्यांना जातो तो शुद्ध इथिलीनचा सिलिंडर स्वस्तात मिळतोय, थेट जोडला तर चालेल?

शीतगृह_तंत्र: गॅस वाढवू नका, दोष उष्णतेचा आहे. गराचं तापमान 24 अंशांच्या वर गेलं की गर पिकतो, पण सालीतलं हरितद्रव्य जात नाही. भिंतीवरचा काटा 18 दाखवत असला तरी त्यावर विसंबू नका. पिकणारं केळं स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे थप्पीच्या पोटात पारा चढलेला असतो. टोकदार थर्मामीटर मधल्या क्रेटमधल्या फळात खुपसून बघा. गर 16 ते 18 अंशांवर आला की मगच गॅस सोडा. क्रेटमधल्या पिशव्यांची तोंडं उघडी हवीत, थप्प्यांमध्ये वारा खेळायला जागा हवी. घाईने 13 च्या खाली नेलंत तर साल काळपट पडेल, आणि ती पुन्हा उजळत नाही.

वायू_हिशेब: तुमची खोली 72 घनमीटर, म्हणजे 72,000 लिटर. 100 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) अवघे 7.2 लिटर इथिलीन पुरे, आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादाही 100 पीपीएमचीच आहे. शुद्ध सिलिंडर कृपा करून जोडू नका. हवेत 2.7 टक्के इथिलीन झालं की ठिणगीने पेट घेतं. रेग्युलेटर गळला तर बंद खोलीत तिथवर पोचायला वेळ लागत नाही. फळांसाठी मिळणारं नायट्रोजनमधलं 5 टक्के मिश्रण घ्या, ते 144 लिटर लागेल. पंखा चालू ठेवा, नाहीतर गॅस सगळीकडे सारखा पसरत नाही.

शीतगृह_तंत्र: एक राहिलं. कार्बन डायऑक्साइड 1 टक्क्यावर गेला की इथिलीनचा परिणाम दबतो. दर 12 तासांनी 20 मिनिटं दार उघडून हवा बदला, मग पुन्हा मात्रा द्या. गॅस एकूण 24 तास दिला की पुरतो. आर्द्रता 90 ते 95 टक्के. शेजारच्या खोलीत काकडी, कोथिंबीर ठेवू नका, पिवळी पडते.

नाशिकरोड_फळगाळा: आंब्यालाही हेच तापमान?

वायू_हिशेब: नाही, 20 ते 22 अंश. कोवळा उतरवलेला आंबा मात्र गॅसने रंग धरेल, गोडी येणार नाही. आणि फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, ते गाळ्यात नकोच.