बदामाचं दूध आणि मांजर

मांजराला गाईचं दूध पचत नाही, म्हणून बदामाचं किंवा सोयाचं द्यावं का, असा प्रश्न आहे. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. वयाने मोठ्या मांजरांमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणारं एन्झाइम कमी होतं, त्यामुळे अनेकांना जुलाब होतात. पण म्हणून पर्याय हवाच असं कुठंय? त्यांना पाणी पुरतं!

साधं, बिनसाखरेचं बदाम, ओट किंवा सोया दूध चमचाभर चाटलं तर सहसा काही होत नाही. आमच्या बोक्याने माझ्या कपातलं ओटचं दूध दोनदा चाटलं, मिशा पुसल्या आणि तोंड फिरवून निघून गेला.

खरी भीती बाटलीमागच्या बारीक अक्षरांची, विशेषतः घरात कुत्राही असेल तर. झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ (कधी 'ई ९६७' किंवा 'बर्च शुगर' असंही छापतात) कुत्र्यांना विषारी आहे. अर्ध्या-एक तासातच रक्तातली साखर कोसळू शकते, पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. चॉकलेट फ्लेवर आणि मॅकाडेमियाचं दूधही कुत्र्यापासून लांबच ठेवा. नारळाच्या दुधात फॅट फार, पोट बिघडतं.

आणि पिल्लांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठीची वेगळी दूध पावडर मिळते. चुकून झायलिटॉल पोटात गेलंच तर लक्षणांची वाट न बघता थेट व्हेटला फोन करा, बाटली हातात ठेवूनच.